आधी कुसर ओळखावी

मोगऱ्याच्या वंशातली एक नवी जात मी एकदा शोधून काढली होती. ती जेमतेम तीन तास टिकली.

एप्रिल महिना होता. ताम्हिणीच्या उतारावर करवंदीच्या जाळीवर एक वेल अशी पसरली होती, की खालची जाळी दिसेनाशी झाली होती. कुसर ही मोगऱ्याच्याच वंशातली रानवेल मला ठाऊक होती, निदान तसा माझा समज होता. फूल तोडून भिंगाखाली धरलं, तर नळीच्या तोंडाशी दिसायला हवी ती कुक्षी, म्हणजे पराग झेलणारं टोक, दिसेचना. नळी नखानं उभी चिरली. कुक्षी आत खोलवर, पुंकेसरांच्या खाली दडून बसलेली. आदल्याच आठवड्यात मुळशीकडे पाहिलेल्या कुसरीची कुक्षी पुंकेसरांच्या वर, नळीच्या तोंडाशी होती. वहीत तसं चित्रच काढलेलं होतं. दोन वेली, दोन रचना. मी फांदी छाटून वर्तमानपत्रात दाबली आणि चालता चालता नव्या जातीचं नाव ठरवू लागलो. ते कुणावरून ठेवायचं हेही जवळपास पक्कं झालं होतं; इथं सांगत नाही.

सोबत आलेल्या सरांनी फांदी पाहिली, वहीतलं चित्र पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "वाटेत अजून वीस वेली बघ. मग बोलू." उन्हं डोक्यावर येईपर्यंत वीस वेली पाहून झाल्या. अकरा वेलींची कुक्षी वर, नऊंची खाली. पानं तीच, फांद्यांची ठेवण तीच, वासही तोच. माझी नवी जात तिथंच, एका ओढ्याच्या काठी, संपली.

कुसरीत दोन प्रकारच्या वेली असतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. काही वेलींच्या सगळ्या फुलांत कुक्षी पुंकेसरांच्या वर असते, काहींच्या सगळ्या फुलांत खाली. असा दुहेरी संसार पुष्कळ वनस्पती करतात. एकाच जातीच्या झाडांवर दोन-तीन घडणींची फुलं का यावीत, या प्रश्नावर चार्ल्स डार्विननं 1877 मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं. नळीत सोंड घालणाऱ्या कीटकाच्या अंगावर पराग एका ठरावीक जागी चिकटतो आणि तो जुळणाऱ्या उंचीच्या कुक्षीवर जाऊन पडतो; दोन तऱ्हांमुळे परक्या वेलीचा पराग मिळण्याची शक्यता वाढते, असं त्यामागचं गणित. कुसरीत ते गणित कितपत जुळतं, याचा बारकाईनं अभ्यास पुण्याच्या आयसरमधल्या संशोधकांनी केला आहे. त्यांना सह्याद्रीतल्या कुसरीच्या वस्त्यांत दोन्ही तऱ्हा जवळपास सारख्या संख्येनं आढळल्या. माझे अकरा आणि नऊ त्यातलेच.

रानातल्या जाई-मोगऱ्यांची ओळख करून देणाऱ्या पुस्तकाची सुरुवात स्वतःच्या फजितीनं करण्याचं कारण एवढंच, की पुस्तकाचं म्हणणं या फजितीतच आलं आहे. नवी, दुर्मीळ जात सापडली अशी बातमी वाचली की आपल्या डोळ्यांपुढं एक अवघड कडा, एक धाडसी माणूस आणि अवचित दिसलेलं फूल येतं. तसं कधी कधी होतंही. पण ते फूल नवं आहे हे कळायला त्या माणसाच्या डोक्यात जुनी सगळी फुलं असावी लागतात. कुसर किती प्रकारे कुसर असू शकते हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच जी कुसर नाही ती दिसते. म्हणून या पुस्तकात आधी कुसर येते, मग तिची भावंडं, आणि नव्या जातीचा विषय अगदी शेवटी.

आपल्याकडे या फुलांची ओळख नाकानं होते, डोळ्यांनी फारच कमी. बाजारात गजरा घेताना मोगरा, जाई, जुई यांत आपली चूक होत नाही. ज्ञानेश्वरांच्या विराणीपासून लावणीपर्यंत ही फुलं आपल्या भाषेत दरवळत आली आहेत. पण जुईचं पान कसं असतं, असं विचारलं तर गजरा ओवणाऱ्यांपैकीही थोडेच सांगू शकतील, कारण फुलं मंडईत येतात ती पानांवाचून. जुईचं पान एकदा हातात घेऊन पाहावं. मधली एक पर्णिका ठसठशीत, आणि तिच्या खाली देठाला दोन बाजूंनी दोन इवल्या पर्णिका, मांजराच्या पिलाच्या कानांसारख्या. कधी त्या इतक्या लहान असतात की नसल्यातच जमा. तिच्या शास्त्रीय नावातल्या 'ऑरिक्युलेटम' या शब्दाचा अर्थच 'छोट्या कानांची'. जाईचं पान पिसासारखं, सात ते अकरा पर्णिकांचं, आणि तिच्या कळीला बाहेरून लालसर छटा. मोगऱ्याचं पान साधं, अखंड. कुंदाचंही साधं, पण त्याची कोवळी फांदी बोटांना मखमलीसारखी लागते आणि फुलाखालचे निदलपुंजाचे दाते लांब, केसाळ असतात.

कुसरीचं पान मोठं, गुळगुळीत, समोरासमोर जोडीनं येणारं. फुलांचे झुबके सैल, फांदीच्या टोकाला. फुलाची नळी साधारण दोन सेंटिमीटर, आणि तिच्यावर अरुंद, टोकदार पाकळ्या सहापासून दहापर्यंत कितीही. एकाच झुबक्यात सात पाकळ्यांचं आणि नऊ पाकळ्यांचं फूल शेजारी शेजारी उमलतं. निदलपुंजाचे दाते आखूड, सुईच्या टोकासारखे. कुंदापासून ती वेगळी काढायची तर इथंच पाहायचं. पाकळ्या कितीही असोत, पुंकेसर मात्र दोनच. फळ पिकल्यावर काळं, रसाळ. बहुधा जोडीनं धरतं आणि कित्येकदा जोडीतलं एकच वाढतं. फुलाचा हंगाम उन्हाळ्याचा, मार्च ते मे. पावसाळ्यात हीच वेल गर्द हिरव्या गर्दीत अशी मिसळून जाते की शेजारून गेलो तरी कळत नाही. सह्याद्री पाहायला आपण बहुतेक सगळे पावसाळ्यातच जातो. कुसर आपल्याला अनोळखी राहिली त्याचं अर्धं कारण हे असावं.

उरलेलं अर्धं कारण नावात आहे. बागेतल्या फुलाला आपण स्वतंत्र नाव देतो आणि रानातल्याला 'रान' लावून मोकळे होतो. रानमोगरा हे नाव कुणी कुसरीला देतं, कुणी कुंदाच्या रानटी वेलीला, तर कुणी काटेरी नसलेल्या कुठल्याही पांढऱ्या सुवासिक वेलीला. ही सवय आपलीच नव्हे. मलबारचा डच गव्हर्नर हेन्ड्रिक व्हान ऱ्हीडे यानं 1678 ते 1693 या काळात अॅमस्टरडॅमहून 'हॉर्टुस मलबारिकुस' हा बारा खंडांचा ग्रंथ छापवला. त्याच्या सहाव्या खंडात मोगऱ्याच्या वंशातल्या वेलींची चित्रं मल्याळी नावांसह आहेत आणि त्यांतल्या एका नावाची सुरुवात 'काट्टु'नं होते. काट्टु म्हणजे रानातला. या ग्रंथाशी आपलं जवळचं नातं आहे. इट्टी अच्युतन या वैद्यासोबत रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट या तीन कोंकणी वैद्यांनी ऱ्हीडेला माहिती पुरवली आणि तिच्या खरेपणाचा दाखला नागरी लिपीत, कोंकणी भाषेत लिहून दिला. तो पहिल्या खंडात छापलेला आहे. झाडाबद्दलचं विधान कुणी, कशाच्या आधारावर केलं हे नोंदवून ठेवण्याची रीत इथं आहे, आणि ती सतराव्या शतकातली आहे.

पुढं 1753 मध्ये लिनियसनं वनस्पतींना दोन शब्दी नावं दिली, तेव्हा त्यानं मोगऱ्याला प्राजक्ताच्या वंशात बसवलं. दोन्ही पांढरी, दोन्ही सुवासिक, दोन्हींचा वेळ रात्रीचा, दोन्हींचे पुंकेसर दोनच. वरवर पाहता चूक म्हणता येणार नाही. पण प्राजक्ताचं फळ कोरडं, चपटं, पिंपळपानाच्या लहानशा चकतीसारखं आणि मोगऱ्याच्या वंशाचं रसाळ, बोरासारखं. 1789 मध्ये विल्यम एटननं मोगरा उचलून जास्मिनम वंशात ठेवला आणि तो तिथंच आहे. त्यांचं कूळ मात्र आज एकच मानलं जातं. मराठीत आपण त्याला पारिजातक कुल म्हणतो. ऑलिव्हही त्याच कुळातला. आज जास्मिनम वंशात जगभरातल्या सुमारे दोनशे जाती मोजतात.

नावं कशी चुकतात आणि चुकूनही कशी टिकतात, याचे दोन मासले इथंच सांगून टाकतो. कुसरीला रॉबर्ट वाइट या मद्रासकडच्या स्कॉटिश डॉक्टर-वनस्पतिज्ञानं 'जास्मिनम मलबारिकम' म्हटलं, म्हणजे मलबारची. ती मलबारात आहेच, पण आपल्या घाटांतही मुबलक आहे. दुसरी 'जास्मिनम अझोरिकम'. हे नाव लिनियसनं दिलेलं, अर्थ अझोर्स बेटांची. प्रत्यक्षात तिचं रानटी घर शेकडो किलोमीटर दूरच्या मदैरा बेटावर आहे. जगभरच्या बागांत ती लावली जाते, आणि मूळ बेटाच्या कड्यांवर तिच्या मोजक्याच वेली उरल्यानं ती अतिसंकटग्रस्त ठरली आहे. पत्ता चुकला म्हणून नाव बदलत नाहीत. आधी रीतसर दिलेलं नाव चालू ठेवायचं, असा नियम आहे.

हा नियम आला की हर्बेरियमची, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाची, गोष्ट येते. नवी जात जाहीर करायची म्हणजे काय करायचं, हे पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात सविस्तर आहे. इथं फक्त सांगाडा देतो. फुला-फळांची फांदी टिपकागदांत दाबून वाळवायची, जाड कागदावर शिवायची किंवा चिकटवायची, खालच्या कोपऱ्यात चिठ्ठी लावायची: जागा, उंची, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव, आणि वाळल्यावर जे दिसणार नाही ते सगळं. अशा एका कागदाला 'टाइप' ठरवायचं. त्या जातीचं नाव कायमचं त्या कागदाशी बांधलेलं असतं. उद्या वाद झाला तर वर्णन बाजूला ठेवून तो कागद उघडतात. कागद कुठल्या संग्रहात ठेवला हेही प्रसिद्ध करावं लागतं. पूर्वी वर्णन लॅटिनमध्येच लिहावं लागे. 1 जानेवारी 2012 पासून इंग्रजीही चालतं.

मोगऱ्याच्या वंशाशी या पद्धतीचं जरा वाकडंच आहे. फांदी प्रेसमध्ये घातली की दोन दिवसांत पांढरं फूल तपकिरी होतं आणि वास निघून जातो. पन्नास वर्षांपूर्वीच्या कुसरीच्या कागदाला मी नाक लावून पाहिलं आहे. जुन्या वर्तमानपत्राचा आणि कीटकनाशकाचा वास येतो. म्हणजे ज्या गुणासाठी सारी दुनिया या फुलाला ओळखते, तो गुण त्याच्या कायमच्या नोंदीत मावत नाही. उरतात ती मापं: नळीची लांबी, निदलाचे दाते, पानाच्या शिरा, लव आहे की नाही. म्हणून कोऱ्या चिठ्ठीपाशी बसलेल्या माणसाची जबाबदारी मोठी. फूल उमललं किती वाजता, कळीला रंग होता का, वास गोड होता की उग्र, जवळच्या वेलींची कुक्षी वर होती की खाली, हे त्यानं त्याच संध्याकाळी लिहिलं नाही तर ते कुणालाच कधी कळणार नाही.

आणि शोध कित्येकदा या कागदांच्या कपाटातच लागतो. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नव्या जातींचे नमुने पहिल्यांदा कधी गोळा झाले होते ते तपासलं गेलं. गोळा केल्यापासून पाच वर्षांच्या आत वर्णन झालेल्या जाती फक्त 16 टक्के निघाल्या. जवळपास एक चतुर्थांश जातींच्या वर्णनात पन्नास वर्षांहून जुने नमुने वापरलेले होते. म्हणजे कुणीतरी डोंगर चढून फांदी आणली, चुकीच्या किंवा अर्धवट नावाखाली ती कपाटात गेली, आणणारा निवृत्त झाला, आणि मग कुणीतरी तिसऱ्यानं तो कागद शेजारच्या कागदांबरोबर ठेवून पाहिला. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचा पश्चिम विभाग आणि आघारकर संशोधन संस्था, मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयातलं ब्लॅटर हर्बेरियम, कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ, इथल्या कपाटांत असे कागद आहेत. तिथं काम करणारी माणसं आधी काय सापडलं आहे ते जाणून असतात, म्हणूनच नवं त्यांच्या नजरेत भरतं. विशाळगडावरच्या एका कंदीलपुष्पाची नवी जात म्हणून नोंद 2023 मध्ये झाली आणि तिला 'सेरोपेजिया शिवरायियाना' हे नाव मिळालं. शेकडो वर्षं माणसांचा राबता असलेल्या गडावर ती होती. महाराष्ट्रातल्या कंदीलपुष्पांचा अनेक वर्षं अभ्यास झाला होता, म्हणून तिचं वेगळेपण ठरवता आलं.

रानातल्या मोगऱ्यांचा असा धांडोळा मराठीत फारसा झालेला नाही. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींवरचा ग्रंथ 1901 ते 1908 या काळात आला. त्यात शास्त्रीय नावांसोबत लोकांच्या तोंडची नावंही आहेत. अभ्यासक आजही तो उघडतात. पण तो इंग्रजीत, आणि ज्यांना मुळातच वनस्पती ओळखायची किल्ली वापरता येते त्यांच्यासाठी. या पुस्तकातली किल्ली पानापासून सुरू होते, फुलापासून नाही. कारण फूल वर्षातून दोन-तीन महिने, पान बहुतेक वर्षभर. पहिला प्रश्न, पान साधं की अनेक पर्णिकांचं? दुसरा, फांदीवर लव आहे का? तिसरा, निदलाचे दाते आखूड की लांब? एवढ्यात आपल्या घाटांतल्या बहुतेक वेलींचा निकाल लागतो. परिभाषेत शक्य तिथं साधा शब्द ठेवला आहे: नळी, पाकळी, दाते. कुक्षी आणि निदलपुंज यांना मात्र घरगुती शब्द नाही, म्हणून ते तसेच आहेत; प्रत्येक ठिकाणी चित्र जोडलं आहे.

एक सूचना सुरुवातीलाच द्यायला हवी. कुसरीसारख्या मुबलक वेलींची ठिकाणं पुस्तकात मोकळेपणानं दिली आहेत. ज्या वेली थोड्या आहेत त्यांचा फक्त तालुका दिला आहे. दुर्मीळ म्हणून नाव झालं की झाडाच्या मुळाशी कुदळ येते, हे ऑर्किडांच्या बाबतीत आपण पाहिलं आहे. शिवाय दुर्मीळपणाही एकाच जातीचा नसतो. एखादी वेल एकाच डोंगरावर असते पण तिथं भरपूर. एखादी दहा डोंगरांवर असते आणि प्रत्येकावर दोनच. पहिलीला एक वणवा किंवा एक नवा रस्ता पुरतो. दुसरी हळूहळू विरळ होत जाते आणि कुणाच्या लक्षात येत नाही, कारण दहा डोंगर एका माणसाच्या पाहण्यात नसतात. वेल दिसली तर फोटो काढा: पानाचा दोन्ही बाजूंनी, निदलाचा जवळून, वेलीचा पूर्ण. फांदी छाटायची तर परवानगी घेऊन आणि शिकलेल्या माणसाबरोबर. मी त्या दिवशी छाटली ती सरांच्या परवान्यावर.

पुस्तकाच्या शेवटी बारा पानं कोरी सोडली आहेत. छपाईची चूक नव्हे. एप्रिलमध्ये जवळच्या कुठल्याही घाटात जा, वीस कुसरी पाहा आणि प्रत्येकीची कुक्षी, पाकळ्या, तारीख तिथं लिहा. काही नवं सापडणार नाही याची मी जवळपास खात्री देतो.

कोरी पानं का, ते एका मावशींमुळे. ओढ्याकाठच्या त्या फजितीनंतर खालच्या वाडीत पाणी प्यायला थांबलो होतो. त्यांच्या अंबाड्यात कुसरीचाच झुबका होता. "ही विकायला नेत नाही का?" विचारलं. "माळाया बरी. बाजारात नेस्तवर काळवंडती." मग आमच्या हातातलं भिंग बघत म्हणाल्या, "येक येल कड्याच्या अंगाला बी हाय. तिला लई उशिरा फुलं येत्यात. समद्या झाल्यावर." सरांनी माझ्याकडे पाहिलं. मेच्या शेवटी आम्ही दोघं परत गेलो, मावशींनी नातवाला वाट दाखवायला पाठवलं. कड्याच्या उत्तरेला, दिवसभराच्या सावलीत, इतरत्र फळं धरलेली असताना ती वेल भरात फुललेली होती. पान पाहिलं, लव पाहिली, निदलाचे दाते मोजले, नळी चिरली. कुसरच होती. सावलीमुळे उशीर होत असावा, असं सर म्हणाले.

मावशींना हे किती वर्षांपासून माहीत होतं कोण जाणे. माझ्या वहीत ती ओळ त्या दिवशी पहिल्यांदा आली.